पहिलं महागडं फाउंटन पेन सेकंडहँड घेताना काय बघायचं

चांगलं फाउंटन पेन दुकानाबाहेर पडलं की त्याची किंमत उतरते, लिहिणं मात्र तसंच राहतं. सोन्याचं निब आणि नीट सांभाळलेला पिस्टन (बॉडीत शाई ओढून घेणारा दट्ट्या) माणसाच्या अख्ख्या नोकरीभर सहज टिकतात. त्यामुळे ज्यांना पेलिकन, पायलट किंवा मॉन्टब्लां कंपनीचं पेन हातात धरायचं आहे, पण नव्याची किंमत झेपत नाही, त्यांनी वापरलेलं पेन घ्यायला अजिबात कचरू नये. माझ्याकडची रोज लिहिती पेनं बहुतेक अशीच दुसऱ्याच्या हातून आलेली आहेत.

अडचण एवढीच की जाहिरातीच्या फोटोत दिसते ती बॉडी, क्लिप आणि डबा. लिहिण्याचं खरं काम करणारे दोन भाग, म्हणजे निबाचं टोक आणि शाई भरण्याची यंत्रणा, त्या फोटोत धड दिसतच नाहीत. नवखा माणूस चकाकीचे पैसे मोजतो आणि घरी आल्यावर पेन ओरखडायला किंवा गळायला लागतं. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये मी या दोन भागांवर जास्त रेंगाळणार आहे.

१. आधी स्वतःचं लिहिणं बघा

बारीक अक्षर, मोठं अक्षर, कागद कसला, रोज किती लिहिता, हे आधी बघा. निबाच्या जाडीची नावं (बारीक ते जाड: एक्स्ट्रा फाइन, फाइन, मीडियम, ब्रॉड) सगळ्या कंपन्यांत सारख्या मापाची नसतात. पायलट, सेलर, प्लॅटिनम या जपानी कंपन्यांचं 'फाइन' युरोपातल्या कंपन्यांच्या 'एक्स्ट्रा फाइन'च्या आसपास लिहितं. पेलिकनचं आजचं 'फाइन' बऱ्याच जणांना मीडियमसारखं वाटतं. बारीक अक्षराच्या माणसाने केवळ स्वस्तात मिळतंय म्हणून युरोपीय 'ब्रॉड' घेतलं तर ते खणात पडून राहतं.

मग आकार. मॉन्टब्लां १४९ जाडजूड आहे, लहान पंजाला ते अवजड होतं. पेलिकनचं एम४०० छोटं आणि हलकं. एम८०० च्या पिस्टनमध्ये पितळ असल्यामुळे वजन मागच्या बाजूला जातं. काहींना तेच आवडतं, काहींचं मनगट दुखतं. ओळखीतल्या कुणाकडे असेल तर दोन ओळी लिहून बघा.

आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाका. सोन्याचं निब आहे म्हणून ते मऊ लिहील असं नसतं. कागदाला सोनं लागतच नाही, लागतो तो टोकावरचा कठीण मिश्रधातूचा मणी. तो कसा घासला आहे यावर गुळगुळीतपणा ठरतो. सोन्यामुळे फार तर थोडी लवचीकता येते, आणि तीही प्रत्येक निबात नाही.

२. पहिल्या खेपेला सोपं मॉडेल निवडा

शाई भरण्याच्या पद्धतीवरून निवड केली तर डोक्याचा ताप निम्मा कमी होतो.

कन्व्हर्टरवाली, म्हणजे शाईची छोटी नळी काढता-घालता येणारी पेनं सगळ्यात निर्धोक. पायलट कस्टम ७४, प्लॅटिनम ३७७६, सेलरचं १९११ ही त्यातली. कन्व्हर्टर खराब निघाला तर नवा लावायचा, विषय संपला. फक्त या तिन्ही कंपन्यांचे कन्व्हर्टर एकमेकांना बसत नाहीत, तेव्हा पेनासोबत कन्व्हर्टर आहे का हे विचारून घ्या.

पिस्टनवाल्यांत पेलिकनची सूव्हरेन मालिका पहिल्या खरेदीला मला सगळ्यात योग्य वाटते. तिचं निब फीडसकट (निबाखालचा, शाई टोकाकडे नेणारा भाग) आटे फिरवून बाहेर येतं. आत पाहता येतं, धुता येतं, आणि निब खराबच निघालं तर तेवढंच बदलता येतं. पण हीच सोय एक सापळाही आहे. पेलिकनच्याच स्वस्त एम२०० चं स्टीलचं निब एम४०० मध्ये नेमकं बसतं. कुणी सोन्याचं निब काढून सोनेरी मुलामा दिलेलं स्टीलचं लावलं असेल, तर बॉडी अस्सल असूनही तुम्ही फसाल. निबावर १४सी-५८५ हा छाप वाचल्याशिवाय एम४०० ची किंमत मोजू नका.

लॅमी २००० हेही उत्तम. १९६६ पासून त्याचं रूप जवळजवळ तेच आहे. त्याच्या सेक्शनच्या (बोटांनी धरतो त्या निबाजवळच्या भागाच्या) आट्यांपाशी दोन बारीक कान असलेली एक धातूची कडी असते, त्या कानांवर टोपण अडकतं. धुताना सेक्शन उघडलं की ही कडी सटकून बेसिनमध्ये जाते, आणि मग टोपण टिकत नाही. टोपण लावताना 'टक' असा आवाज येतो का, हे विकणाऱ्याला विचारा.

जुन्यातलं हवं असेल तर पार्कर ५१, पण १९४८ नंतरचं, दाबून शाई भरायचं. त्यातली शाईची पिशवी रबराची नाही, त्यामुळे ती दशकानुदशकं चालते. त्याआधीचं व्हॅक्युमॅटिक (रबरी पडद्याने शाई ओढणारं), रबरी पिशवीची लिव्हरवाली पेनं, शेफरचं स्नॉर्केल (बाहेर येणाऱ्या बारीक नळीतून शाई ओढणारं) ही सुंदर आहेत, पण त्यांतलं रबर कधीतरी बदलावंच लागतं. ती दुसऱ्या-तिसऱ्या खरेदीला ठेवा.

३. विकणारा कोण आहे ते बघा

एक असतो दुरुस्ती जाणणारा विक्रेता. तो पेन उघडून, धुऊन, लिहून मगच विकतो. किंमत थोडी चढी असते आणि ती रास्त असते. दुसरा संग्राहक, जो एक पेन विकून दुसरं घेणार असतो. याच्याकडे पेन बहुधा नीट सांभाळलेलं मिळतं आणि विचारलं तर सगळा इतिहास सांगतो. तिसरा म्हणजे ज्याला घरातल्या वडीलधाऱ्यांचं पेन सापडलं आहे. तो खोटं बोलत नसतो, पण त्याला काहीच माहीत नसतं. 'चालतं का?' या प्रश्नाला त्याचं 'हो' म्हणजे पिस्टन फिरला एवढंच. पहिलं पेन पहिल्या दोघांपैकी कुणाकडून घ्या. लिलावाचा नाद पहिल्या खेपेला नकोच. घाईत बोली चढते आणि परतीचा रस्ता नसतो.

वर्णनातले शब्दही जपून वाचा. 'रिस्टोअर्ड' म्हटलं असेल तर नेमकं काय बदललं ते विचारा, कारण नुसतं पॉलिश करूनही लोक हा शब्द वापरतात. 'न्यू ओल्ड स्टॉक' म्हणजे न वापरलेलं जुनं. तरी आतलं रबर वयाने गेलेलं असू शकतं. 'जसं आहे तसं' याचा अर्थ दुरुस्तीचा खर्च तुमचा.

हे प्रश्न लिहूनच पाठवा, फोनवर विचारू नका:

– शेवटची शाई कधी आणि कोणती भरली होती?
– निब मूळचंच आहे का? कुणी घासून आकार बदलला आहे का?
– कुठे बारीकशी तरी चीर आहे का, विशेषतः टोपणाच्या काठाला आणि सेक्शनला?
– पिस्टन पूर्ण खाली-वर जातो का, अडखळतो का?
– लिहिलं नाही किंवा गळलं तर किती दिवसांत परत घ्याल?

उत्तरं टाळणाऱ्याकडून पेन घेऊ नका, मग ते कितीही देखणं असो.

४. हे फोटो मागा

पेन आडवं ठेवून काढलेला एक फोटो कशाच्याच कामाचा नाही. उजेडात काढलेले, जवळचे फोटो हवेत: निब वरून, निब बाजूने, निब थेट टोकाकडून, निबाखालचं फीड, टोपणाचा काठ चहूबाजूंनी, सेक्शन आणि आटे, शाईची खिडकी असेल तर उजेडासमोर धरून, पिस्टन खाली असताना आणि वर असताना. शिवाय त्याच पेनाने कागदावर लिहिलेल्या चार ओळी. त्यात आजची तारीख लिहायला सांगा, म्हणजे फोटो जुना किंवा उचललेला नाही हे कळेल.

५. निब वाचायला शिका

दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि आधी स्वतःच्या साध्या पेनाचं निब त्यातून बघा. निबाच्या मधोमध चीर असते. तिच्या दोन्ही बाजूंची पाती टोकाशी मण्यात संपतात, आणि मणीही चिरेमुळे दोन अर्धांत विभागलेला असतो. निब आपल्याकडे टोक करून धरलं तर हे दोन अर्ध एका पातळीत दिसले पाहिजेत. एक वर, एक खाली असेल तर पेन एका बाजूला ओढताना ओरखडेल. हा दोष बहुतेक वेळा सुटतो. जाणकार माणूस नखाने हलकं दाबून पाती बरोबर करतो. यासाठी सौदा मोडायची गरज नाही, किंमत मात्र कमी करून मागा.

आता बाजूने बघा. मणी गोलसर हवा. खालच्या बाजूला सपाट पडलेला दिसला, तर आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं एकाच कोनात लिहिलं आहे. त्याच्या हातात ते लोण्यासारखं चालत असेल. तुम्ही वेगळ्या कोनात धरलंत की त्या सपाट भागाची कड कागदाला लागते. थोडी झीज चालते आणि घासून सुधारता येते. मणी इतका झिजला की सोनं कागदाला टेकायला आलं, तर नवा मणी जोडावा लागतो. ते काम फार थोडे लोक करतात आणि त्याला भरपूर पैसे पडतात. असं पेन सोडून द्या.

तिसरी गोष्ट, फाकलेलं निब. जोर देऊन लिहिल्यामुळे पाती वर उचलली जातात आणि परत बसत नाहीत. बाजूने पाहिलं तर निब आणि फीड यांच्यात फट दिसते, वरून पाहिलं तर चीर टोकाकडे रुंद होत गेलेली दिसते. निरोगी निबात चीर टोकाकडे निमुळती होते. फाकलेल्या निबात शाई टोकापर्यंत पोचत नाही, ओळ मधेच तुटते. चिरेच्या वरच्या टोकाला जे भोक असतं, त्याच्या आसपास केसासारखी रेघही शोधा; जुन्या, लवचीक निबांत तडा तिथूनच सुरू होतो.

छापही वाचा. ५८५ म्हणजे १४ कॅरेट, ७५० म्हणजे १८, ८७५ म्हणजे २१ कॅरेट. 'जीपी' किंवा 'प्लेटेड' असेल तर वर नुसता मुलामा आहे. 'इरिडियम पॉइंट जर्मनी' असा छाप असलेलं निब म्हणजे कुठल्याही पेनात बसवतात ते सर्वसाधारण स्टीलचं निब. महागड्या पेनात ते दिसलं तर मूळचं निब गेलेलं आहे.

६. शाईची यंत्रणा

प्रत्यक्ष भेटून घेत असाल तर आधी विचारून पाण्याने तपासा. निब पाण्यात बुडवून पिस्टन वर घ्या, पेन पुसा आणि निब खाली करून टिश्यूवर थोडा वेळ धरा. एखाद-दुसरा थेंब चालेल, सतत टपकत असेल तर हवा कुठून तरी आत शिरते आहे. मग बघा पिस्टनच्या मागे पाणी किंवा शाई गेली आहे का. पारदर्शक बॉडीत हे लगेच दिसतं. मागे शाई असेल तर पिस्टनचं सील गेलेलं आहे.

पिस्टन जड फिरत असेल तर जोर लावू नका. बऱ्याचदा नुसतं सिलिकॉन ग्रीस हवं असतं. वाळलेल्या शाईने तो चिकटलेला असेल आणि तुम्ही पिळलंत, तर आतला दांडा तुटतो. एम८०० चा पिस्टन पान्याने आटे फिरवून काढता येतो. एम४०० चा दाबून बसवलेला असतो, तो घरी उपटायला जाऊ नका.

पायलट कस्टम ८२३ घेतलंत तर एक लक्षात ठेवा. त्याच्या मागची गुंडी घट्ट बंद असताना टाकीतून निबाकडे जाणारी शाई अडते. लांब लिहायला बसताना ती थोडी सैल करायची असते. हे ठाऊक नसल्यामुळे लोक चांगलं पेन बिघडलं म्हणून स्वस्तात काढून टाकतात, तेव्हा 'दोन पानांनंतर शाई थांबते' अशी तक्रार लिहिलेलं ८२३ दिसलं तर जरूर चौकशी करा.

चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई भरलेलं पेन कधीच घेऊ नका. तिच्यातला लाखेसारखा चिकट पदार्थ फीडमध्ये वाळला की सहसा निघत नाही.

७. बॉडी आणि टोपण

इथे फार वेळ घालवायचं कारण नाही. टोपणाच्या काठाची केसासारखी चीर ही एकच गोष्ट गंभीर, कारण ती वाढत जाते आणि टोपणात हवा शिरून निब वाळतं. काठावरून नख फिरवा, अडकलं तर भिंगातून बघा. बारीक ओरखडे, क्लिपचा उडालेला मुलामा, कोरलेली जुनी आद्याक्षरं यांनी लिहिण्यात काही फरक पडत नाही. आद्याक्षरांमुळे किंमत बऱ्यापैकी उतरते; ज्याला लिहायचंच आहे त्याने अशी पेनं मुद्दाम शोधावीत.

जुनं काळं एबोनाइट (कडक केलेलं रबर) उजेडाने आणि पाण्याने तपकिरी पडतं, ते भिजत ठेवू नका. सेल्युलॉइड (जुन्या पेनांचं प्लास्टिक) ज्वलनशील असतं, त्याला उष्णता देऊन काही सरळ करायला जाऊ नका.

८. खोटं पेन ओळखणं

सगळ्यात जास्त नकला मॉन्टब्लांच्या माइस्टरस्ट्यूक मालिकेच्या निघतात. पार्कर सॉनेटच्याही पुष्कळ आहेत. मॉन्टब्लांसाठी पहिली कसोटी सोपी आहे: या मालिकेतली १४६ आणि १४९ ही पिस्टनवाली पेनं आहेत. '१४९' म्हणून विकलं जाणारं पेन मधून उघडलं आणि आत कन्व्हर्टर दिसला, की बोलणं थांबवा. कन्व्हर्टर असतो तो १४४ आणि १४५ मध्ये.

दुसरी कसोटी प्रकाशाची. त्यांची काळी रेझिनची बॉडी तीव्र टॉर्चसमोर धरली की कडेला गडद लाल झाक दिसते. साध्या काळ्या प्लास्टिकमध्ये ती नसते. ही कसोटी एकटी पुरेशी नाही, आणि १९५० च्या दशकातली १४९ सेल्युलॉइडची असल्याने त्यांना ती लागूही नाही.

नव्वदच्या दशकापासून क्लिपच्या कडीवर अनुक्रमांक कोरलेला असतो. नुसता क्रमांक आहे म्हणून खूश होऊ नका, नकलांवरही तो असतो. कोरीवकाम बघा: अक्षरं बारीक, सारख्या खोलीची, कडा स्वच्छ. निबावरचा ४८१० हा मॉन्टब्लां शिखराच्या पूर्वीपासून धरलेल्या उंचीचा (मीटरमध्ये) आकडा आणि भोवतीची नक्षी भिंगातही रेखीव दिसते. नकलेत ती पुसट आणि भरलेली वाटते. टोपणावरचा पांढरा तारा बसवलेला असतो, त्याच्या कडा आजूबाजूच्या काळ्यात पसरत नाहीत. शंका उरलीच तर पैसे देण्याआधी कंपनीच्या सेवा केंद्राला किंवा जाणकार दुरुस्तीवाल्याला दाखवण्याची अट घाला. खरा मालक या अटीला सहसा नाही म्हणत नाही.

डबा आणि पुस्तिका हा पुरावा नाही. रिकामे डबे वेगळे विकत मिळतात.

९. पैसे, कागदपत्रं, पार्सल

ठरवलेल्या रकमेतला काही भाग निब दुरुस्तीसाठी बाजूला ठेवून मगच बोलणी करा. पैसे अशा मार्गाने द्या जिथे खरेदीदाराला तक्रार करता येते. 'मित्राला भेट' म्हणून पाठवा, शुल्क वाचेल, असं कुणी म्हटलं तर नकार द्या. त्या मार्गाने गेलेले पैसे परत मागता येत नाहीत.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

– मूळ बिल किंवा शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, असेल तर
– तुमच्या नावाची पावती, तिच्यावर मॉडेल, निबाची जाडी आणि अनुक्रमांक
– प्रश्नोत्तरांचे संदेश आणि विकणाऱ्याने पाठवलेले सगळे फोटो
– परत घेण्याच्या मुदतीबद्दल लेखी शब्द
– पार्सल परदेशातून येत असेल तर खऱ्या किमतीची पावती. कमी किंमत लिहायला लावली तर पार्सल हरवल्यावर विमाही तेवढाच मिळतो

पाठवण्याआधी पेन शाई काढून, धुऊन, कोरडं करून पाठवायला सांगा. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढून ठेवा.

१०. पेन घरी आल्यावर

लागणारं सामान थोडं आहे: भिंग, टॉर्च, रबरी फुग्याची पिचकारी, टिश्यू, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, आणि दौतभर साधी निळी शाई. गरम पाणी आणि स्पिरिट लांब ठेवा. दोन्हींनी बॉडी खराब होते.

साध्या पाण्यात साबणाचा थेंब टाकून पेन भरा, रिकामं करा, पाणी स्वच्छ येईपर्यंत करत राहा. जुनी निळी-काळी शाई दोन-दोन दिवस निघत राहते. अशा वेळी नुसतं निब बुडेल इतक्या पाण्यात पेन रात्रभर उभं ठेवा, एबोनाइटचं फीड असलेलं जुनं पेन मात्र नको. शेवटी साबण पूर्ण निघेल असं साध्या पाण्याने धुवा.

मग निळी शाई भरा. चमकीची किंवा फार गडद शाई आत्ता नको, तिच्यामुळे दोष पेनाचा की शाईचा हे कळत नाही. नेहमीच्या कागदावर सलग दोन-तीन पानं लिहा. आडव्या रेषा, इंग्रजी आठाचे (8) आकडे, 'ळ', 'क्ष', 'ज्ञ' अशी वळणाची अक्षरं काढा. एकाच दिशेला ओरखडत असेल तर पाती वरखाली आहेत. टोपण लावून पेन एक रात्र उभं ठेवा आणि सकाळी पहिल्याच रेघेला शाई येते का बघा. दुसऱ्या रात्री आडवं ठेवा आणि टोपणाच्या आत शाई साचली आहे का ते टिश्यूने तपासा.

हे सगळं परतीच्या मुदतीत उरका. दोष सापडला तर फोटोसह त्याच दिवशी कळवा, आणि तोवर निबाला स्वतः हात लावू नका, कारण निब वाकवलेलं पेन कुणी परत घेत नाही.